दोनोस्तियाच्या जुन्या गावात पिन्चोची संध्याकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या सान सेबास्तियानला, म्हणजे बास्क भाषेतल्या दोनोस्तियाला, येणारी मराठी मंडळी निघण्याआधी मला जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. पुण्याहून आई-वडिलांना घेऊन येणारे, जर्मनीतून जोडून सुट्टी काढून येणारे, पक्के शाकाहारी, मासे खाणारे, दारूला न शिवणारे, सगळ्यांचे प्रश्न यात आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांपासून केली आहे, अडचणीचे प्रश्न पुढे येतील. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. पिन्चो म्हणजे तापासच ना? मग वेगळं नाव कशाला?

तापास म्हणजे स्पेनमध्ये पेयाबरोबर खायचे छोटे पदार्थ. नातं आहे, पण दोन्ही एक नाहीत. स्पॅनिशमध्ये 'पिंचार' म्हणजे टोचणं. पावाच्या छोट्या तुकड्यावर मासा, मिरची, अंडं असं काहीतरी ठेवून ते काडीनं टोचून द्यायचे, त्यावरून पिन्चो. बास्क लोक 'च' हा उच्चार टी आणि एक्स ही अक्षरं जोडून लिहितात, त्यामुळे पाटीवर हा शब्द पहिल्यांदा ओळखूच येत नाही. दक्षिणेकडे ग्रानादामध्ये पेयाबरोबर तापा फुकट येतो. इथे पिन्चो वेगळा मागायचा आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे. आता अर्ध्याअधिक पिन्चोंमध्ये ना पाव असतो ना काडी. बशीत चार घास गरम जेवण येतं, तोही पिन्चोच.

२. ही संध्याकाळ नेमकी असते कशी?

एका बारमध्ये शिरायचं, एक छोटं पेय आणि एक पिन्चो घ्यायचा, उभ्यानंच खायचा, गप्पा मारायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांत पुढच्या बारकडे निघायचं. असे चार ते सहा बार. या फिरण्याला 'चिकितेओ' म्हणतात, कारण वाइनच्या लहान पेल्याला 'चिकितो' म्हणतात. स्थानिक लोक हे आपल्या 'क्वाद्रिया'बरोबर करतात. क्वाद्रिया म्हणजे शाळेपासूनचा मित्रांचा कंपू, तो म्हातारपणापर्यंत टिकतो.

मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: एका ठिकाणी पोट भरू नका. इथल्या प्रत्येक चांगल्या बारचा हात एखाद-दोन पदार्थांवर बसलेला असतो. एकाकडे अळंबी, दुसऱ्याकडे अँचोव्ही, तिसऱ्याकडे चीजकेक. एकाच जागी बसून आठ पदार्थ मागवलेत तर जेवण होईल, पण जुनं गाव राहून जाईल. थोडी भूक शिल्लक असतानाच बिल द्यायचं आणि बाहेर पडायचं.

३. किती वाजता जायचं? कोणता वार चांगला?

दुपारी साधारण साडेबारा ते तीन आणि संध्याकाळी सात ते साडेदहा. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. काउंटरवर काही दिसलं तरी ते बहुधा दुपारचं उरलेलं असतं. आपल्याकडच्यासारखी सहाची भूक लागली तर कॉफी आणि बिस्किटावर भागवा. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठ वाजता अजून दुपारच आहे असं वाटतं.

मंगळवार किंवा बुधवार उत्तम. शुक्रवार-शनिवारी काउंटरपर्यंत पोचायला खांदे वापरावे लागतात. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी कितीतरी बार बंद असतात, आणि नेमके तेच ज्यांची नावं तुम्ही लिहून आणलेली असतात. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ती सोमवारी पडू देऊ नका. गुरुवारी उरुमेआ नदीपलीकडच्या ग्रोस भागात 'पिन्चो-पोते' असतो, पेय आणि पिन्चो एकत्र स्वस्तात. विद्यार्थी आणि नोकरदार तिथे लोटतात. मजा येते, पण खाणं साधं असतं.

४. जुनं गाव म्हणजे कुठून कुठपर्यंत? आणि ते इतकं सरळ रेषेत कसं?

उत्तरेला उर्गुल टेकडी, पश्चिमेला बंदर, पूर्वेला उरुमेआ नदी आणि दक्षिणेला बुलेव्हार्ड हा रुंद रस्ता. या चौकोनात सगळं आलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं पुरतात, म्हणूनच एका संध्याकाळी सहा बार जमतात.

जुनं म्हटल्यावर वळणावळणाच्या बोळांची अपेक्षा असते, पण इथे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आहेत. त्यामागची कथा दुःखाची आहे. नेपोलियनच्या युद्धात हे शहर फ्रेंचांच्या ताब्यात होतं. ३१ ऑगस्ट १८१३ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी तट फोडून ते घेतलं. हे सैन्य स्पेनच्या बाजूचं होतं, तरी त्यानं लोकांना लुटलं आणि शहर जळून गेलं. एका रस्त्यावरची मोजकी घरं तेवढी वाचली. तो रस्ता आज '३१ ऑगस्ट' याच नावानं ओळखला जातो आणि बारसाठी सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. बाकीचं गाव नव्यानं आखून बांधलं. तट १८६३ पासून पाडायला घेतला, बुलेव्हार्ड आहे तिथेच तो उभा होता. शेजारच्या बाजाराचं नाव 'ब्रेचा', म्हणजे तटाला पडलेलं खिंडार. भाजी घ्यायला जाणारी माणसं आजही रोज हे नाव घेतात.

गावाच्या मधोमध कोन्स्तितुसिओन चौक आहे. तिथल्या बाल्कन्यांवर आकडे रंगवलेले दिसतील. या चौकात बैलांच्या झुंजी व्हायच्या तेव्हा बाल्कन्या प्रेक्षकांना भाड्यानं देत, ते हे जागांचे क्रमांक. चौकातल्या खुर्च्यांवर बसून खाण्यापेक्षा चौक डोळे भरून पाहून पुढे जा. खायचे रस्ते म्हणजे ३१ ऑगस्ट, फेर्मिन काल्बेतोन, सान हेरोनिमो आणि पेस्कादेरिया.

५. बारमध्ये शिरलो, पण कुणी बसवायला येत नाही. करायचं काय?

थेट काउंटरशी जायचं. रांग नसते, पण कोण आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाला बरोबर माहीत असतं. नजरानजर झाली की 'काइशो' म्हणायचं, बास्क भाषेतला नमस्कार. हात हलवणं, चुटकी वाजवणं अजिबात नको. आधी पेय सांगायचं, मग खाणं.

खाणं दोन प्रकारचं असतं. काउंटरवर मांडलेलं थंड, आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं, मागितल्यावर गरम करून देतात ते. काउंटरवरचं हवं असेल तर 'उन प्लातो, पोर फावोर' म्हणून बशी मागा आणि बोट दाखवा. हातानं परस्पर उचलायचं की त्यांनी वाढायचं, याची पद्धत बारप्रमाणे बदलते, म्हणून विचारलेलं बरं. नवखी मंडळी काउंटरवरचा रंगीबेरंगी ढीग पाहून तिथेच अडकतात. माझं स्पष्ट मत आहे की या गावाची खरी कला फळ्यावर असते. १९७० च्या दशकात हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिहाना या शेफनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बास्क स्वयंपाकाला नवं वळण दिलं, त्याचा परिणाम मोठ्या रेस्टॉरंटपुरता राहिला नाही, या अरुंद बारच्या मागच्या चुलीपर्यंत पोचला. तिथे चार-पाच युरोत जे मिळतं ते मिळवायला लोक इतरत्र पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात जातात.

६. हिशेब कोण ठेवतं? पैसे कधी द्यायचे?

बहुतेक ठिकाणी निघताना. काय काय खाल्लं ते तुम्हीच सांगायचं आणि ते त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून आपण किती घेतलं ते लक्षात ठेवा, हा विश्वास या पद्धतीचा पाया आहे. फार गर्दीच्या काही बारमध्ये आता ऑर्डर देतानाच पैसे घेतात. कार्ड चालतं. टिप द्यायलाच हवी असं नाही, सुट्टे ठेवले तर आनंदानं घेतात.

पाच-सहा जण असाल तर स्थानिकांची युक्ती वापरा. प्रत्येकानं सुरुवातीला सारखी रक्कम काढून एकाकडे द्यायची, याला 'बोते' म्हणतात. मग प्रत्येक बारमध्ये तो एकटाच पैसे देतो. काउंटरवर 'मी देतो, मी देतो' ही आपली ओढाताण वाचते आणि मागच्या लोकांचा खोळंबाही होत नाही.

७. वाइनमधलं काही कळत नाही. काय मागू?

चाकोली मागा. इथल्या किनाऱ्यावरची पांढरी, आंबटसर, किंचित फसफसणारी वाइन, 'ओंदार्राबी सुरी' नावाच्या द्राक्षांची. जवळच्या गेतारिया गावाची सर्वांत प्रसिद्ध. बाटली उंच धरून रुंद पेल्यात बारीक धारेनं ओततात, त्यानं ती फुलते. खारट मासा आणि ही वाइन यांचं चांगलं जमतं. लाल हवी असेल तर रियोहाची 'क्रियांसा' म्हणा. बिअर घेणाऱ्यांनी 'सुरितो' मागावा, म्हणजे अगदी लहान पेला. पेले लहान का, याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे: सहा बार व्हायचे असतात. मोठा ग्लास घेतला की पाय एका जागी खिळतात.

सफरचंदाची बास्क वाइन म्हणजे 'सागार्दोआ'. ती बाटलीतून बाराही महिने मिळते, पण तिचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि तेव्हा ती प्यायला शहराबाहेर आस्तिगार्रागा किंवा एर्नानीला जातात. ती वेगळी संध्याकाळ आहे, या संध्याकाळीत कोंबू नका.

८. दारू घेत नाही. नुसतं पाणी मागितलं तर वाईट दिसेल का?

मुळीच नाही, पण त्याहून चांगली सोय आहे. 'मोस्तो' मागा. हा द्राक्षांचा न आंबवलेला रस. बहुतेक ठिकाणी संत्र्याची चकती आणि ऑलिव्ह घालून, नीट सजवून देतात. स्थानिक गाडी चालवणारे आणि गरोदर बायका तोच घेतात. 'सिन आल्कोओल' म्हटलं की दारूविरहित बिअर मिळते. तुम्ही का पीत नाही असं इथे कुणी विचारत नाही.

९. पहिल्याच वेळी कुठे काय खावं?

माझी पहिल्या संध्याकाळची वाट सांगते, त्यात बदल करायला तुम्ही मोकळे आहात.

सुरुवात पेस्कादेरिया रस्त्यावरच्या चेपेचामध्ये. इथे अँचोव्हीचं राज्य आहे. कोकणातल्या मंडळींना सांगायचं तर आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. व्हिनेगरमध्ये मुरवून भाजलेल्या पावावर ठेवतात आणि वर खेकड्याचं क्रीम, पपई असं काहीतरी देतात. डब्यातल्या खारट अँचोव्हीवरून मत बनवलेलं असेल तर इथे ते बदलेल. तिथून सान हेरोनिमोवरच्या गानबारात अळंबी, वर कच्च्या अंड्याचा बलक. बलक पावानं अळंबीत कालवून खायचा. मग फेर्मिन काल्बेतोनवर गोइस आर्गीमधली कोळंबीची काडी, दोन मिनिटांत हातात येते आणि तितक्याच वेळात संपते. त्याच रस्त्यावर बोर्दा बेर्री, तिथे काउंटरवर काहीच मांडलेलं नसतं, सगळं फळ्यावर. इदियासाबाल चीज घातलेला रिसोत्तो मागा.

मांस खाणाऱ्यांनी मग ला कुचारा दे सान तेल्मोकडे वळावं. ३१ ऑगस्ट रस्त्यालगतच्या छोट्या गल्लीत, सान तेल्मो संग्रहालयाच्या मागे. गर्दी गल्लीत सांडलेली असते, पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं गालाचं मांस त्या गर्दीचं कारण आहे. गांदारियासमध्ये सोलोमियो, म्हणजे पाठीजवळच्या मऊ मांसाचा तुकडा. ही दोन्ही बीफची ठिकाणं आहेत, टाळायचं असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

शेवट ला बिन्यात. जगभर 'बास्क चीजकेक' म्हणून जो वरून काळा भाजलेला केक मिळतो, तो याच बारमधून निघाला. खाली बिस्किटाचा थर नाही, आत जवळजवळ खरवसासारखा लुसलुशीत. एका बशीत दोन चकत्या येतात, दोघांत एक बशी पुरते. सहाव्या बारपर्यंत पोट भरलं असेल तरी हा चुकवू नका.

१०. 'गिल्डा' मागायला सांगतात. ते काय असतं?

काडीवर हिरवं ऑलिव्ह, खारवलेली अँचोव्ही आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या, इबार्रा गावच्या लांब हिरव्या मिरच्या. उच्चार 'हिल्दा'. सगळं एका घासात तोंडात टाकायचं, सुटं करून खाल्लं तर चव जुळत नाही. १९४६ च्या 'गिल्डा' चित्रपटातल्या नायिकेवरून हे नाव पडलं: हिरवी, खारट, थोडी तिखट. स्पॅनिशमध्ये 'हिरवं' म्हणजे चावटही, त्यामुळे नाव लगेच रुळलं. ती पहिल्यांदा झाली ती कासा वायेस या बारमध्ये, तो जुन्या गावाबाहेर, दक्षिणेच्या नव्या भागात आहे.

'तिखट' या शब्दानं घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, आपल्या जिभेला ही मिरची सौम्य वाटते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. जहाजांतून ती स्पेनलाही आली आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यालाही. तिथे तिचा मसाला झाला, इथे लोणचं.

११. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी नाही राहणार, पण दर बारमध्ये विचारावं लागेल, आणि योग्य शब्दांत विचारावं लागेल. सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. इथल्या बोलण्यात कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, कितीजणांच्या लेखी चवीपुरता मसाला आहे. मासा तर कार्नेमध्ये धरतच नाहीत. दुसरी गोष्ट, 'बेहेताल' असं लिहिलेल्या सँडविचमध्ये बहुतेक वेळा टूना असतो. हे मला पहिल्या वर्षी कळलं. नाव वाचून मी निश्चिंतपणे मागवलं, माझ्याबरोबर जन्मात मासा न खाल्लेली मावशी होती आणि पहिला घास तिच्या तोंडात गेलेला होता. तिला काही झालं नाही, पण ती पुढे दोन दिवस बाहेर नीट जेवली नाही. मला ते अजून लागतं. बटाट्याच्या रशियन सॅलडमध्येही टूना असतो. क्रोकेता, म्हणजे तळलेले मऊ गोळे, त्यांमध्ये हामोन किंवा कॉड मासा. लाल भरल्या मिरच्यांमध्ये बहुधा कॉड. रिसोत्तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो.

म्हणून वाक्य पाठ करा: 'सोय बेहेतारियाना' (पुरुषांनी 'बेहेतारियानो'), आणि लगेच पुढे 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतून'. मांस नको, मासा नको, हामोन नको, टूना नको. ही यादी ऐकली की समोरचा माणूस विचारात पडतो आणि मग मनापासून मदत करतो.

आता जे मिळतं ते. तोर्तिया, म्हणजे बटाटा आणि अंड्यांचा जाड पोळा, मधे ओलसर. पेस्कादेरियावरच्या नेस्तोरमध्ये ती दुपारी एक आणि रात्री आठला एकेकच होते, तुकडा हवा असेल तर आधी जाऊन नाव सांगून ठेवावं लागतं. तिथलंच टोमॅटोचं सॅलड, फक्त टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि जाड मीठ, उन्हाळ्यात मागा. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या, तळून वर मीठ, आपल्या तळलेल्या मिरचीची आठवण होते. नवार्राचा पांढरा शतावरीचा कोंब. गानबारातली अळंबी. इदियासाबाल चीज अक्रोडांबरोबर. आणि शेवटी ला बिन्याचा चीजकेक, त्यात अंडं असतं. एवढ्यात सहा बार सहज होतात.

दोन बारीक गोष्टी. तळणीचं तेल शाकाहारासाठी वेगळं नसतं, त्यात कोळंबीही तळली जाते. आणि इदियासाबाल हे लाचा जातीच्या मेंढ्यांच्या दुधाचं चीज परंपरेनं कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. या दोन गोष्टी चालणार नसतील तर यादी निम्मी होते, मग पुढचा प्रश्न पाहा.

१२. अंडंही चालत नाही. किंवा आम्ही जैन आहोत. मग?

मग जेवण आधी उरकून या आणि संध्याकाळ फिरण्यासाठी ठेवा. मोस्तो, ऑलिव्ह, टोमॅटो, पाव, हंगामात शतावरी, एवढंच खात्रीनं सांगता येईल. शतावरीवर मेयोनेज असतं, त्यात अंडं, म्हणून 'सिन मायोनेसा' म्हणा. कांदा-लसूण-बटाटाही वर्ज्य असेल तर खाण्यासाठी इथे येऊ नका, असं मी घरच्यांनाही सांगते. गाव, समुद्र आणि दिव्यांनी उजळलेले रस्ते मात्र तुमचेही आहेत. ब्रेचाच्या बाजारात फळं घेऊन बंदराच्या कठड्यावर बसून केलेली संध्याकाळ मी स्वतः अनुभवली आहे, ती कमी नव्हती.

१३. मासे चालतात, बीफ आणि पोर्क नको. फळा कसा वाचायचा?

बीफसाठी तेर्नेरा, बाका, बुए, चुलेता, सेसिना. पोर्कसाठी सेर्दो, हामोन, चोरिसो, चिस्तोर्रा, मोर्सिया (यात रक्तही असतं), ओरेहा (कान). फसवे शब्द दोन. 'सोलोमियो' दोन्हींपैकी कशाचाही असतो. 'कार्रियेरा' म्हणजे गाल, तोही दोन्हींचा. ते दिसले की 'दे के एस?' म्हणजे 'कशाचं आहे?' असं विचारा.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे: बाकालाओ हा खारवलेला कॉड, कोकोचास हा मासळीच्या गळ्याखालचा मऊ भाग, चांगुर्रो हा मोठा खेकडा, चिपिरोन ही छोटी माकूळ, स्वतःच्याच काळ्या शाईत शिजवलेली. ती काळी बशी पाहून मागे सरू नका. मासळीवरही हामोनची पट्टी ठेवायची पद्धत आहे, तेवढं पाहून घ्या. अ‍ॅलर्जी असेल तर नि:संकोच विचारा, युरोपीय कायद्यानुसार त्यांना ती माहिती द्यावीच लागते.

१४. आई-बाबांना इतका वेळ उभं राहता येत नाही.

सातच्या ठोक्याला पोचा. तेव्हा भिंतीलगतची उंच स्टुलं आणि बाहेर टेबलं म्हणून ठेवलेली पिंपं मोकळी असतात. सहाऐवजी तीन बार ठरवा आणि मधे मोकळ्या बाकावर थांबा, बंदराच्या बाजूला आणि बुलेव्हार्डवर बाकं आहेत. काही बारना मागे टेबलांची खोली असते. तिथे बसलं की बरेचदा पूर्ण बशा, म्हणजे 'रासिओन', मागवाव्या लागतात. आई-बाबांबरोबर ते सोयीचंच आहे. माझे वडील सत्तरीत इथे आले होते. दोन बार झाल्यावर ते चौकातल्या बाल्कन्यांचे आकडे मोजत बसले आणि आम्ही आळीपाळीनं त्यांच्यासाठी बशी नेत राहिलो.

१५. मुलांना बारमध्ये नेता येतं का?

हो. इथे बार म्हणजे सगळ्या वयांची जागा. बाबागाडीत बाळ, शेजारी आजी, असं दृश्य नेहमीचं. आत धूम्रपानाला २०११ पासून पूर्ण बंदी आहे. मुलांना तोर्तिया आणि कोळंबीची काडी आवडते. आठनंतर गर्दीत ती मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर अडकतात, म्हणून लवकर जा.

१६. माणशी किती खर्च येतो?

काउंटरवरचा पिन्चो साधारण अडीच ते चार युरो, फळ्यावरचा गरम चार ते सात, लहान पेय दोन ते साडेतीन. पाच बारची भरपेट संध्याकाळ माणशी ३५ ते ५० युरोत होते. दरवर्षी भाव थोडे चढतात.

१७. स्पॅनिश येत नाही. इंग्रजी चालेल?

जुन्या गावात चालतं. पण चार बास्क शब्द बोललात तर चेहरे खुलतात: 'काइशो' नमस्कार, 'मेसेदेस' कृपया, 'एस्केर्रिक आस्को' धन्यवाद, 'आगुर' येतो आता. बास्क भाषेचं जगातल्या दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ती दडपली गेली होती, त्यामुळे तिच्यातला एक शब्दही लोकांना मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या लोकांना एक शब्द नकळत ठाऊक असतो. 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं. एचेबेर्री या नावापासून झालं झेवियर. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये इथून जवळच्याच नवार्रात जन्मले, आणि बास्क त्यांची मातृभाषा होती. बोर्दा बेर्रीच्या पाटीवरचा 'बेर्री' तोच.

१८. जमिनीवर कागदी रुमाल पडलेले दिसले. जागा घाण असते का?

जुन्या काळी काउंटरखाली रुमाल टाकायची रीतच होती, आणि खाली ढीग असला म्हणजे बार चालतो असं मानत. आता ती बरीच मागे पडली आहे. तुम्ही टाकू नका, बशीत ठेवा.

१९. पाऊस आला तर?

येणारच. इथली हिरवळ त्याच्यावरच आहे. बारीक भुरभुरीला इथे 'सिरिमिरी' म्हणतात, छत्री उघडावी की नाही ते कळत नाही असा पाऊस. चिकितेओ थांबत नाही, एका दारातून दुसऱ्या दारात पन्नास पावलंच असतात. फक्त सगळे आत शिरल्यानं गर्दी दुप्पट वाटते. रस्त्यावरचे दगड निसरडे होतात, सपाट तळव्याचे बूट घाला.

२०. एका दाराच्या आत लोक जेवताना दिसले, पण आम्हाला घेतलं नाही. असं का?

तो बार नव्हता, 'सोसिएदाद' होती, सभासदांचं स्वयंपाक मंडळ. सभासद स्वतः रांधतात, मित्रांना वाढतात आणि वापरलेल्या सामानाचे पैसे लिहून ठेवतात. अशी मंडळं इथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत, आणि परंपरेनं ती पुरुषांची होती. बायकांना आत यायची मुभा हळूहळू मिळत गेली, काही ठिकाणी चुलीपाशी अजूनही नाही. मला हे खटकतं, आणि मी ते इथल्या मित्रांना सांगतेही. सभासदानं बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. बोलावणं आलं तर जरूर जा.

२१. आमचा मुक्काम बिल्बाओला आहे. तिथलं जुनं गाव चालेल का?

चालेल, पण चव वेगळी. तिथे 'सिएते कायेस', म्हणजे सात रस्ते, हा जुना भाग आणि कमानींनी वेढलेला प्लासा नुएबा चौक. काउंटरवरचे थंड पिन्चो जास्त, वातावरण कामकऱ्यांच्या शहराचं, भाव किंचित कमी. रविवारी सकाळी त्या चौकात जुनी पुस्तकं आणि टपाल तिकिटांचा बाजार भरतो, तेव्हा जा. गरम, फळ्यावरच्या पिन्चोसाठी मात्र दोनोस्तियाच. बसनं सव्वा तास लागतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा, नाहीतर चीजकेक राहतो.

२२. सणाच्या दिवशी यावं की टाळावं?

कोणता सण त्यावर अवलंबून आहे. २० जानेवारीला सान सेबास्तियानचा दिवस असतो. १९ च्या मध्यरात्री कोन्स्तितुसिओन चौकात ध्वज चढतो आणि पुढचे २४ तास शहर ढोल बडवतं, याला 'ताम्बोर्रादा' म्हणतात. ढोल-ताशात वाढलेल्यांना ते फार जवळचं वाटेल, पण पिन्चोसाठी ती रात्र नाही, काउंटर दिसतही नाही. ऑगस्टच्या मध्याला 'आस्ते नागुसिया' हा मोठा आठवडा असतो, खोल्या महाग आणि बार तुडुंब. सप्टेंबरमधल्या चित्रपट महोत्सवात गर्दी असते, पण हवा छान आणि बारही पूर्ण जोमात.

मला विचाराल तर ३१ ऑगस्ट. त्या संध्याकाळी १८१३ च्या आगीच्या आठवणीत त्याच नावाच्या रस्त्यावर मेणबत्त्या लावतात. पेला हातात असेल तर काउंटरवर ठेवून थोडा वेळ बाहेर या.